दोन विजांचं भांडण

बटण दाबलं की दिवा लागतो. तो लावणारी वीज तारेतून एकाच दिशेनं वाहत आली, की सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे हेलपाटे घालत आली, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. पडायचं कारणही नाही. वीज आहे एवढं पुरे. ती गेली की मगच आपण तिच्याविषयी बोलू लागतो. पण १८८० च्या दशकात अमेरिकेत याच प्रश्नावरून मोठं भांडण पेटलं होतं. त्यात वर्तमानपत्रं उतरली, वकील उतरले, बँकवाले उतरले. दोन नामवंत संशोधक समोरासमोर उभे राहिले आणि तिसरा एक परदेशी तरुण मध्ये आला. कितीतरी मुकी जनावरं त्यात मारली गेली. एका माणसाला मरणाची शिक्षा कोणत्या विजेनं द्यायची, हेसुद्धा या भांडणानंच ठरवलं. इतिहासात याला 'विद्युतप्रवाहांचं युद्ध' असं नाव पडलं आहे.

या युद्धातलं विज्ञान शाळेच्या पुस्तकात सापडतं. मला त्यातली दुसरीच एक गोष्ट सांगावीशी वाटते, ती भीतीची. ज्या माणसानं घराघरांतला अंधार घालवला, त्यानंच पुढे दुसऱ्याच्या उजेडाची भीती लोकांच्या मनात भरली. ती भीती सगळीच खोटी नव्हती. म्हणूनच ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे.

थॉमस अल्वा एडिसनचा जन्म १८४७ चा. शाळेत तो फारसा गेला नाही, पण हातात आणि डोक्यात विलक्षण कसब होतं. १८७९ मध्ये त्यानं न्यू जर्सीतल्या मेन्लो पार्कच्या आपल्या प्रयोगशाळेत कोळशाच्या धाग्याचा, तास न् तास टिकणारा दिवा तयार केला, हे आपण सगळे जाणतो. पण नुसता दिवा म्हणजे नुसती नळाची तोटी. तोटीच्या मागे नळ हवा, टाकी हवी, विहीर हवी. एडिसनचं खरं मोठेपण असं, की ही सगळी व्यवस्था त्यानं उभी केली. वीज तयार करणारी जनित्रं, जमिनीखालून जाणाऱ्या तारा, बटणं, फ्यूज, वीज मोजायचं मीटर, सगळं. मीटरही मोठं गमतीदार होतं. एका द्रावणात जस्ताच्या पट्ट्या बुडवून ठेवायच्या, महिन्यानं त्या काढून त्यांचं वजन करायचं आणि वजनात पडलेल्या फरकावरून बिल काढायचं.

४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं त्याचं वीजघर सुरू झालं. पहिल्या दिवशी चारशेच्या आसपास दिवे लागले. वॉल स्ट्रीटवरच्या जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकाराच्या कचेरीत ते लागले, तसेच एका मोठ्या वर्तमानपत्राच्या कचेरीतही लागले. सावकार आणि वर्तमानपत्र, दोघांनाही पहिल्याच दिवशी उजेड देणारा माणूस व्यवहारात कच्चा नव्हता.

ही वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. दाब ११० व्होल्ट. दिवा छान लागायचा, मोटर चालायची, बॅटरी भरून ठेवता यायची. अडचण एकच होती, अंतराची.

विजेचं गणित थोडं पाण्यासारखं आहे. तेवढंच काम कमी दाबाच्या पुष्कळ पाण्यानं होतं, किंवा जास्त दाबाच्या थोड्या पाण्यानंही होतं. कमी दाबानं वीज पाठवायची, तर प्रवाह मोठा लागतो. प्रवाह मोठा झाला की तार तापते आणि वीज वाटेतच वाया जाते. शिवाय प्रवाह दुप्पट केला तर ही नासाडी दुप्पट नव्हे, चौपट होते. नासाडी टाळायची तर तार जाड हवी आणि तार तांब्याची. त्यात १८८७ मध्ये फ्रान्समधल्या काही सट्टेबाजांनी तांब्याचा साठा करून भाव चढवले, तेव्हा एडिसनच्या कंपनीचं कंबरडंच मोडायची वेळ आली. त्याची वीज मैलभर गेली की तिचा दम तुटायचा. म्हणजे ती गल्लीची वीज होती. दाट वस्तीच्या शहरात तिचा संसार उत्तम चालायचा. पण पांगलेल्या वस्तीला, लहान गावाला ती परवडणारी नव्हती. तिथे न्यायची तर मैला-मैलावर वीजघर बांधा, कोळसा जाळा, माणसं ठेवा.

दुसरी वीज एसीची. ती एका सेकंदात कितीतरी वेळा दिशा बदलते. या हेलपाट्यांतच तिची सगळी जादू आहे. वीज सतत बदलत असली, तरच तिचा दाब रोहित्रातून वाढवता किंवा उतरवता येतो. रोहित्र म्हणजे ट्रान्सफॉर्मर. गावाकडे आपण ज्याला सरसकट 'डीपी' म्हणतो तो. वीजघरात दाब चढवायचा, बारीक तारेतून वीज लांब पाठवायची आणि घराजवळ दाब पुन्हा उतरवायचा. त्या काळात डीसीला हे जमत नव्हतं.

ही युक्ती एका कोणाच्या डोक्यातून निघालेली नाही. फ्रान्सच्या गोलार यांनी इंग्लंडच्या गिब्ज यांच्या जोडीनं तिची सुरुवात केली. बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तीन अभियंत्यांनी १८८५ मध्ये चांगलं रोहित्र घडवलं. आणि २० मार्च १८८६ रोजी विल्यम स्टॅन्ली या अमेरिकन तरुणानं मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रेट बॅरिंग्टन या लहानशा गावातली दुकानं एसीनं उजळून दाखवली. स्टॅन्लीच्या पाठीशी पैसा उभा केला होता तो जॉर्ज वेस्टिंगहाउसनं.

वेस्टिंगहाउस एडिसनपेक्षा चार महिन्यांनी मोठा, पिट्सबर्गचा कारखानदार. बाविसाव्या वर्षी त्यानं रेल्वेगाडीसाठी हवेच्या दाबानं चालणाऱ्या ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. त्यापूर्वी ब्रेकमन डब्याडब्यावर धावत हातानं ब्रेक आवळत आणि त्यात जिवाला मुकत. म्हणजे लोकांच्या जिवाची पर्वा नसलेला नफेखोर, असं त्याचं चित्र रंगवणं सोपं नव्हतं. त्याची पहिली व्यापारी एसी वीज १८८६ च्या नोव्हेंबरात बफेलो शहरात सुरू झाली. हे बफेलो नाव लक्षात ठेवावं, ते पुन्हा येणार आहे. १८८७ संपता संपता एडिसनची १२१ वीजघरं होती, तर वेस्टिंगहाउसनं वर्षभरात ६८ उभी केली होती. एडिसनला मागे पावलांचा आवाज ऐकू येऊ लागला.

एसीकडे एक मोठी उणीव होती. तिच्यावर दिवे लागत, पण धड चालणारी मोटर नव्हती. ती उणीव भरून काढली निकोला टेस्लानं. हा सर्ब कुटुंबातला मुलगा, १८५६ चा जन्म, आजच्या क्रोएशियातल्या स्मिल्यान गावचा. त्यानंच सांगितलेली हकिकत अशी : १८८२ मध्ये बुडापेस्टच्या एका बागेत मित्राबरोबर संध्याकाळी फिरताना तो गटेच्या 'फाउस्ट'मधल्या मावळत्या सूर्यावरच्या ओळी म्हणत होता. म्हणता म्हणता विजेसारखी कल्पना चमकली आणि त्यानं काठीनं वाळूवर मोटरची आकृती काढली. कविता म्हणताना यंत्र सुचल्याचं हे उदाहरण आम्हा कवींनी जपून ठेवण्यासारखं आहे. आमच्या उपयुक्ततेचे एवढे सबळ पुरावे फार नाहीत.

त्याची कल्पना थोडक्यात सांगायची तर अशी. एकामागून एक ठरावीक अंतरानं चढणारे-उतरणारे दोन-तीन प्रवाह वेगवेगळ्या वेटोळ्यांत सोडले, तर मोटरच्या आत चुंबकाचं बळ गोल फिरू लागतं आणि आपल्याबरोबर मधल्या दांड्यालाही फिरवतं. फिरत्या भागाला वीज द्यायला घासणारे ब्रश नकोत, ठिणग्या नकोत. पुढे जर्मनीत डोलिवो-डोब्रोवोल्स्की या अभियंत्यानं तीन प्रवाहांची पद्धत पक्की केली. गिरणीवाला आणि विहिरीवर पंप बसवलेला शेतकरी रोज ज्याची वाट पाहतात, ती 'थ्री फेज' हीच. रात्री-बेरात्री थ्री फेज आली म्हणून पाणी द्यायला उठणाऱ्या शेतकऱ्याचं बुडापेस्टच्या त्या वाळूवरच्या रेघांशी असं नातं आहे.

टेस्ला १८८४ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि एडिसनच्या कारखान्यात लागला. सहा महिन्यांत त्यानं नोकरी सोडली. एडिसननं त्याला पन्नास हजार डॉलरचं आमिष दाखवून फसवलं, ही गोष्ट फार प्रसिद्ध आहे. टेस्लाच्या आत्मकथनात मात्र तो शब्द देणारा माणूस एडिसन नव्हे, कारखान्याचा मॅनेजर आहे. मोठ्या माणसांची भांडणं लोकांच्या तोंडी पडली की अशीच वाढतात. नोकरी सोडल्यावर टेस्लाला काही काळ चर खणायची मजुरी करावी लागली. पण मे १८८८ मध्ये त्याच्या मोटरची पेटंटं मंजूर झाली, त्याच महिन्यात अभियंत्यांपुढे त्याचं व्याख्यान झालं आणि जुलैत वेस्टिंगहाउसनं त्याचे हक्क विकत घेतले. आता एसीकडे दिवा होता, मोटर होती आणि अंतर कापायची ताकद होती. खेळ खरं म्हणजे इथेच संपायला हवा होता.

तो संपला नाही, कारण त्याच वर्षी भीती मैदानात उतरली.

त्या काळचं न्यूयॉर्क डोळ्यांपुढे आणावं लागेल. रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच खांब आणि त्यांवर तारांची जाळी. तार खात्याच्या, टेलिफोनच्या, चौकातल्या प्रखर दिव्यांच्या. एकेका खांबावर अनेक कंपन्यांच्या तारा. कित्येक कंपन्या बुडालेल्या, पण तारा तशाच लोंबत राहिलेल्या. मार्च १८८८ मध्ये मोठं हिमवादळ झालं, तारा तुटल्या. एप्रिलमध्ये रस्त्यावर लोंबणाऱ्या तारेला हात लावून एक लहान मुलगा मेला. शहरात घबराट पसरली. ती रास्त होती.

एडिसन स्वतः पहिल्यापासून तारा जमिनीत पुरा म्हणून सांगत होता. खर्च सोसून त्यानं आपल्या तारा पुरल्याही होत्या. ही त्याची बाजू खरी होती. पण त्याच वर्षी त्याच्या कंपनीनं 'इशारा' या अर्थाच्या नावाची एक पुस्तिका काढली आणि त्यात प्रतिस्पर्ध्यांची वीज म्हणजे मृत्यू असं ठसवलं. जूनमध्ये हॅरल्ड ब्राउन नावाच्या विजेच्या एका तंत्रज्ञानं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, की एसीवर कायद्यानं बंदी आणा. एसीवाले त्याच्यावर तुटून पडले. मग ब्राउननं पुरावा द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी एडिसनच्या प्रयोगशाळेची दारं त्याला उघडी झाली.

तो पुरावा कसला, तर कुत्र्यांचा. पोरांना पंचवीस-पंचवीस सेंट देऊन भटकी कुत्री गोळा केली जात. ३० जुलै १८८८ रोजी कोलंबिया कॉलेजात जमलेल्या मंडळींपुढे ब्राउननं एका कुत्र्याला आधी डीसीचे झटके दिले, थेट हजार व्होल्टपर्यंत. ते तडफडलं, पण मेलं नाही. मग ३३० व्होल्टची एसी दिली आणि ते मेलं. प्रेक्षकांतून आरडाओरडा झाला, की आधीच अर्धमेल्या जनावरावर हा कसला प्रयोग? दुसरं कुत्रं आणलं तेव्हा प्राणिदया मंडळाच्या अधिकाऱ्यानं उठून ते थांबवलं. कुत्री लहान पडतात असा आक्षेप आला, म्हणून डिसेंबरात एडिसनच्या प्रयोगशाळेतच वासरं आणि एक घोडा मारून दाखवण्यात आला. ब्राउननं तर वेस्टिंगहाउसला जाहीर आव्हान दिलं : तू एसीचा झटका घे, मी डीसीचा घेतो, दाब वाढवत जाऊ, बघू आधी कोण हार मानतो. वेस्टिंगहाउसनं उत्तर दिलं नाही.

या सगळ्यात खोटं नेमकं काय होतं? तेवढ्याच दाबाची एसी डीसीपेक्षा हृदयाला अधिक घातक असते, हे वैद्यकशास्त्राला आज मान्य आहे. म्हणजे ब्राउनचे प्रयोग क्रूर असले तरी पोकळ नव्हते. खोटं होतं ते तुलनेत. वाटेवरच्या तारेतल्या एसीचा हजार व्होल्टचा दाब एका पारड्यात आणि घरातल्या डीसीचा ११० व्होल्टचा दुसऱ्या पारड्यात, असा तो तराजू होता. घरात शिरताना एसीही दाब उतरवूनच येते, हे सांगितलं जात नव्हतं. चौकातल्या प्रखर दिव्यांपैकी कितीतरी उच्च दाबाच्या डीसीवर चालत आणि त्याही तारा माणसं मारत, हेही सांगितलं जात नव्हतं. धोका दाबात होता, उघड्या लोंबत्या तारांत होता. बोट मात्र दाखवलं जात होतं ते प्रतिस्पर्ध्याच्या नावाकडे. धडधडीत खोटं लवकर उघडं पडतं. अर्धसत्य पुष्कळ दिवस पाहुणचार घेतं.

आता बफेलो पुन्हा येतं. तिथला दंतवैद्य आल्फ्रेड साउथविक याला फाशीपेक्षा सुटसुटीत मरण शोधायचं होतं. एक दारुडा वीजघरातल्या जनित्राला चिकटून क्षणात मेल्याचं त्याच्या कानांवर आलं होतं. न्यूयॉर्क राज्यानं नेमलेल्या समितीत तो होता आणि त्यानं एडिसनचा सल्ला मागितला. एडिसन मृत्युदंडाच्या विरोधात होता. आधी त्यानं नकार दिला. पण १८८७ च्या डिसेंबरात त्यानं कळवलं, की या कामासाठी एसी यंत्रं सर्वांत योग्य, आणि सोबत नावही घातलं : वेस्टिंगहाउसची. तत्त्वापेक्षा संधी मोठी ठरली, असंच म्हणावं लागतं. नवा कायदा १ जानेवारी १८८९ पासून लागू झाला. वेस्टिंगहाउसनं तुरुंगाला यंत्रं विकायला नकार दिला, तेव्हा ब्राउननं ती आडवाटेनं मिळवली. या नव्या मरणाला 'वेस्टिंगहाउस होणं' असं क्रियापद रूढ करावं, अशी सूचनाही एडिसनच्या गोटातून आली होती. ऑगस्ट १८८९ मध्ये ब्राउनच्या कचेरीतली चोरलेली पत्रं 'न्यूयॉर्क सन'नं छापली आणि या निःस्पृह लोकहितवाद्याच्या मागे एडिसनची कंपनी उभी असल्याचं जगाला दिसलं.

पहिला बळी ठरला विल्यम केमलर. बफेलोत गाडीवर भाजी विकणारा, दारूच्या आहारी गेलेला, अडाणी माणूस. मार्च १८८९ मध्ये त्यानं आपल्याबरोबर राहणाऱ्या बाईचा कुऱ्हाडीनं खून केला होता. गुन्हा कबूल होता, दया दाखवावी असं त्यात काही नव्हतं. पण या भाजीविक्यासाठी न्यूयॉर्कचा नामांकित, महागडा वकील उभा राहिला. ही शिक्षा क्रूर आहे, असा त्याचा मुद्दा होता. त्याची फी वेस्टिंगहाउस देतो, असं लोक उघड बोलत. वेस्टिंगहाउस ते नाकारत असे. एडिसननं साक्ष दिली, की एसीनं मरण तात्काळ येईल. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि शिक्षा कायम झाली.

खटला चालू असतानाच, ११ ऑक्टोबर १८८९ रोजी न्यूयॉर्कच्या भर वस्तीत जॉन फीक्स नावाचा तारकामगार खांबावर काम करताना तारांच्या जाळ्यात अडकून मेला. भर दुपारी, शेकडो लोकांच्या डोळ्यांदेखत. शहर हादरलं. महापौरांनी धोकादायक तारा आणि खांब तोडायला लावले. रस्त्यावर लोक टाळ्या वाजवत होते म्हणतात. एडिसननं एका मोठ्या मासिकात एसीविरुद्ध लेख लिहिला. पुढच्याच महिन्यात वेस्टिंगहाउसनं तिथेच उत्तर दिलं, की विजेपेक्षा ट्रामखाली आणि गॅसनं कितीतरी अधिक माणसं मरतात. दोघांच्याही लेखात फीक्ससारख्याचं मरण हा एक मुद्दा झाला. त्याला खांबावर चढवताना तारांतली वीज का बंद केली नाही, हा साधा प्रश्न दोन्ही विजांच्या मध्ये हरवला.

६ ऑगस्ट १८९० रोजी ऑबर्नच्या तुरुंगात केमलरला विजेच्या खुर्चीत बसवलं. सतरा सेकंद वीज सोडली. डॉक्टरांनी तो मेल्याचं सांगितलं. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं, की त्याचा श्वास चालू आहे. पुन्हा यंत्र सुरू केलं, दाब वाढवला, आणि या वेळी ते बराच वेळ चाललं. पाहणाऱ्यांतले काही उठून बाहेर गेले. कुऱ्हाड वापरली असती तरी बरं झालं असतं, अशा अर्थाचे उद्गार वेस्टिंगहाउसच्या नावावर सांगितले जातात. एडिसनच्या गोटाला हवी तशी ही जाहिरात झाली नाही. एसी क्षणात मारते, हे त्यांना दाखवायचं होतं. ती क्षणात मारत नाही, हेच सगळ्यांनी पाहिलं.

आता निकालाकडे येऊ. तो भीतीनं लागला नाही. तांब्याच्या भावानं आणि मैलांच्या हिशेबानं लागला. १८९१ मध्ये जर्मनीत लाउफनच्या धबधब्यावरची वीज १७५ किलोमीटर दूर फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनात पोचली. १८९२ मध्ये मॉर्गननं एडिसनची कंपनी दुसऱ्या एका कंपनीत मिळवून 'जनरल इलेक्ट्रिक' केली. त्या नावातून 'एडिसन' शब्दच गेला. नव्या कंपनीनं एसीची यंत्रंही बनवायला घेतली. ज्याच्या कचेरीत एडिसननं पहिला दिवा लावला, त्याच सावकारानं त्याच्या नावाचा दिवा मालवला.

१८९३ मध्ये शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलं. दिव्यांच्या कंत्राटासाठी जनरल इलेक्ट्रिकनं ५ लाख ५४ हजार डॉलर मागितले, वेस्टिंगहाउसनं ३ लाख ९९ हजार. काम वेस्टिंगहाउसला मिळालं. दिव्याचं पेटंट एडिसनच्या बाजूचं, म्हणून वेस्टिंगहाउसला बुचासारखा बसणारा वेगळाच दिवा घाईघाईनं बनवावा लागला. पण लाखभर दिव्यांनी ते प्रदर्शन उजळलं. याच प्रदर्शनाच्या निमित्तानं शिकागोत सर्वधर्म परिषद भरली आणि स्वामी विवेकानंदांचं नाव जगभर झालं. धर्माधर्मांनी एकमेकांचं ऐकून घ्यावं म्हणून जग जिथे जमलं, तिथेच दोन विजांच्या भांडणाचा निकाल लागत होता.

त्याच वर्षी नायगारा धबधब्याच्या विजेचं काम वेस्टिंगहाउसकडे आलं. त्या योजनेच्या तज्ज्ञ समितीचे प्रमुख लॉर्ड केल्विन सुरुवातीला डीसीच्या बाजूचे होते. त्यांनाही मत बदलावं लागलं. १८९६ च्या नोव्हेंबरात नायगाराची वीज सुमारे चाळीस किलोमीटरचा रस्ता कापून शहरात पोचली. ते शहर होतं बफेलो. वेस्टिंगहाउसची पहिली एसी तिथली, साउथविक तिथला, केमलर तिथला. ज्या विजेला मरणाची वीज म्हणून बदनाम केलं, तिच्यावर बफेलोच्या ट्रामगाड्या धावू लागल्या.

टॉप्सी नावाच्या हत्तिणीला एडिसननं या भांडणासाठी विजेनं मारलं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं. ते खरं नाही. टॉप्सी मेली १९०३ मध्ये, युद्ध संपून दहा वर्षं झाल्यावर. एडिसनच्या कंपनीनं त्याचा चित्रपट काढला एवढंच. एडिसनच्या खात्यावर जे आहे ते पुरेसं आहे, नसलेलं घालायची गरज नाही.

जिंकलेल्यांचं पुढे काय झालं? वेस्टिंगहाउसच्या हातून १९०७ च्या मंदीनंतर स्वतःच्याच कंपनीची सूत्रं गेली. टेस्ला १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत एकटा आणि कर्जबाजारी मेला. अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेचं सर्वांत मानाचं पदक १९११ चं वेस्टिंगहाउसला, १९१२ चं स्टॅन्लीला आणि १९१६ चं टेस्लाला मिळालं. त्या पदकाचं नाव, एडिसन पदक. आणि १९३१ मध्ये एडिसन गेला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ देशाची वीज क्षणभर बंद करावी अशी कल्पना निघाली. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी ती मोडीत काढली. एवढी वीज थांबवली तर माणसांच्या जिवाला धोका होईल, त्यापेक्षा लोकांनी आपापल्या घरचे दिवे मिनिटभर मालवावेत, असं त्यांनी सांगितलं. ज्या एसीला तो जिवावरचं संकट म्हणाला होता, ती आता बंद करणं हेच जिवावरचं संकट झालं होतं.

या भांडणाचे पडसाद आपल्या मुंबईतही उमटलेले आहेत. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये जी वीज मुंबईच्या गिरण्यांना आणली, ती एसी. सत्तर किलोमीटरचं अंतर होतं, दुसरी वीज तिथे चाललीच नसती. पण ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला जी पहिली विजेची गाडी धावली, ती १५०० व्होल्टच्या डीसीवर. गाडीच्या मोटरींना त्या काळी डीसीच मानवायची. म्हणजे एडिसनची वीज हरल्यानंतरही मुंबईकरांना नव्वद वर्षं कामावर नेत-आणत होती. २०१२ मध्ये पश्चिम रेल्वेवर, २०१५ मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर आणि एप्रिल २०१६ मध्ये हार्बरवर तिनं निरोप घेतला आणि तिच्या जागी २५ हजार व्होल्टची एसी आली. खुद्द न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या परंपरेतली शेवटची डीसी जोडणी तोडली गेली ती १४ नोव्हेंबर २००७ रोजी.

गंमत अशी, की आज वरच्या तारेतून एसी घेणारी लोकल ती वीज आधी डीसी करते आणि मग त्या डीसीची थ्री फेज एसी करून टेस्लाच्या जातीच्या मोटरी फिरवते. भांडणाचे दोन्ही पक्ष एकाच डब्याखाली नांदतात. चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटर दूर मुंबईजवळच्या पडघ्याला १९९९ च्या सुमारास येऊ लागली ती तर डीसीनंच, पाच लाख व्होल्टच्या दाबानं. अर्धवाहकांमुळे डीसीचा दाबही आता हवा तसा हाताळता येतो आणि फार लांब पल्ल्याला तीच स्वस्त पडते. छपरावरचे सौर पत्रे डीसी देतात, बॅटरी डीसी साठवते, हातातला मोबाइल डीसीवर चालतो. जवळच्या गल्लीतच जिचा दम तुटायचा, ती आता सर्वांत लांबची वाट चालते. दोघींपैकी एक खरी आणि दुसरी खोटी, असं कधीच नव्हतं. प्रत्येकीचं आपलं काम होतं. ते शांतपणे ठरवता आलं असतं.

पावसाळ्यात तार तुटून रस्त्यावर पडते, तेव्हा ती एसी की डीसी हे कोणी विचारत बसू नये, तिच्यापासून लांब राहावं. एडिसनच्या त्या पुस्तिकेतलं एवढं आजही शंभर टक्के खरं आहे. असा इशारा देणारा माणूस आपला हितचिंतकच असतो. पण इशारा देता देता तो आपल्याच दुकानाची पाटी दाखवू लागला, तर त्याला दोन प्रश्न विचारावेत. तुझ्या मालाचा धोकाही तू याच तराजूत मोजलास का? आणि खांबावर चढलेल्या माणसासाठी तू काय केलंस? न्यूयॉर्कच्या लोकांनी १८८८ मध्ये हे दोन प्रश्न विचारले असते, तर भांडणाचा निकाल कदाचित तोच लागला असता. पण तो लागेपर्यंत जे मेले, त्यांतले काही वाचले असते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)